खाऱ्या पाण्याची लोखंडी टाकी गंजापासून कशी वाचवायची : साइटवर नव्याने आलेल्यांसाठी

कोकण किनाऱ्यावरच्या एखाद्या टर्मिनलवर, वीज केंद्रात किंवा खाडीकाठच्या कारखान्यात तुमची नवी नेमणूक झाली असेल, तर पहिल्या आठवड्यातच कोणीतरी तुम्हाला एक उंच गोल टाकी दाखवेल आणि म्हणेल, "ही फायर वॉटरची टाकी, आग विझवायच्या पाण्याची. समुद्राचं पाणी आहे. हिच्याकडे जरा लक्ष ठेवा." त्या 'जरा लक्ष' ठेवण्यात काय काय येतं, कोणत्या क्रमाने येतं आणि नवी माणसं कुठे फसतात, ते इथे सांगतो.

माझ्या वाट्याला अशी पहिली टाकी आली तेव्हा मी ती मे महिन्यात आतून रंगवून घेतली होती. काम संपलं तेव्हा रंग आरशासारखा चमकत होता. दिवाळीनंतर पाणी काढून आत गेलो. पाण्याखालचा भाग बरा होता, पण छताच्या आतल्या बाजूला आणि शेलच्या, म्हणजे टाकीच्या उभ्या भिंतीच्या, सगळ्यात वरच्या पट्ट्यात कांजिण्या आल्यासारखे फोड होते. त्यातला एक चाकूने कापला. पाण्याचा थेंब ओघळला आणि खाली लोखंड काळं पडलेलं दिसलं. रंगाला भोक नव्हतं, तडाही नव्हता. त्या पट्ट्यात रात्री दव धरतं. दवाचं पाणी गोडं असतं. रंगाखाली आम्ही मीठ ठेवून दिलं होतं आणि त्या मिठाने ते गोडं पाणी रंगातून आत ओढून घेतलं होतं. रंग कंपनीचा नव्हे, धुण्याचा दोष होता, म्हणजे माझा. तेव्हापासून कुठल्याही टाकीवर माझा पहिला प्रश्न एकच असतो : मीठ कुठे आहे?

आधी शत्रू ओळखा

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. असं पाणी वीज छान वाहून नेतं आणि गंजणं ही मुळात विजेचीच गोष्ट आहे. एकाच प्लेटवर एका जागी लोखंड विरघळतं, तिथून सुटलेले इलेक्ट्रॉन प्लेटमधूनच दुसऱ्या जागी जातात आणि तिथे पाण्यातला ऑक्सिजन ते घेतो. जिथे लोखंड विरघळतं तो अॅनोड, जिथे ऑक्सिजन खपतो तो कॅथोड. मधलं पाणी जितकं खारं, तितका हा व्यवहार बिनबोभाट चालतो.

समुद्राच्या पाण्यात बुडालेलं उघडं लोखंड वर्षाला साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर झिजतं. म्हणजे ६ मिलिमीटरची प्लेट चाळीस वर्षं टिकायला हवी. टिकत नाही, कारण झीज सगळीकडे सारखी होत नाही. क्लोराइड एखादी बारीक जागा धरतो आणि तिथेच खोल खणत राहतो. सरासरी जाडी उत्तम असते आणि टाकी गळत असते.

दुसरी गोष्ट हवेतल्या मिठाची. मिठावर काही ठरावीक आर्द्रतेच्या वर आपोआप पाणी सुटतं. साध्या मिठासाठी ही मर्यादा सुमारे ७५ टक्के आहे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते तुम्ही पाहिलंय. किनाऱ्यावरच्या टाकीवर हे बाराही महिने चालू असतं. पाऊस नसतानाही प्लेट ओलीच असते, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

पुढचे हिशेब सोपे जावेत म्हणून एकच टाकी डोळ्यांसमोर ठेवू : व्यास १२ मीटर, उंची १० मीटर, पोटात सुमारे ११ लाख लिटर समुद्राचं पाणी, तळाची प्लेट ८ मिलिमीटर.

पायरी १ : आत शिरण्याआधी

ही पायरी कोणीही, कितीही घाईत असला तरी, गाळायची नाही. बंद टाकीत गंज स्वतःच हवेतला ऑक्सिजन खातो. काही आठवडे मॅनहोल बंद असलेल्या रिकाम्या टाकीत माणूस श्वास घेऊ शकणार नाही इतका ऑक्सिजन उतरलेला असू शकतो आणि त्याला वास नसतो, रंग नसतो. तळाशी काळा चिखल साचला असेल तर त्यात ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू असतात. ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तोच कुजक्या अंड्यांचा वास. हा वायू वाढला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. म्हणून 'आता वास येत नाही' याचा अर्थ 'आता ठीक आहे' असा घेऊ नका.

दोन्ही मॅनहोल आणि छतावरचं झाकण उघडा, ब्लोअर लावा, किमान एक दिवस हवा खेळू द्या. मग गॅस मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी रीडिंग घ्या. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली असेल तर कोणीही आत जाणार नाही. परमिट लिहून घ्या, आतले दिवे २४ व्होल्टचे ठेवा आणि मॅनहोलशी एक माणूस कायम उभा करा. त्या माणसाला पढवून ठेवा की आतला माणूस पडला तर त्याने ओरडायचं, अलार्म वाजवायचा, पण स्वतः आत उडी घ्यायची नाही. अशा अपघातांत पहिल्याला वाचवायला गेलेला दुसरा माणूस जातो, हे या धंद्यातलं फार जुनं दुःख आहे.

पायरी २ : पाहा, ठोका, मोजा

चिखल काढून टाकी गोड्या पाण्याने धुतल्यावर आधी नुसती चक्कर मारा. टॉर्च प्लेटला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून मारलेल्या उजेडात सपाट दिसणारी प्लेट आडव्या उजेडात खड्ड्यांनी भरलेली दिसते. पाहायच्या जागा साधारण ठरलेल्या असतात : पाणी आत पडतं त्या पाइपखालचा तळ, शेल आणि तळ जोडणारा वेल्ड, पाण्याची पातळी वरखाली होते तो पट्टा, आणि छताला आधार देणाऱ्या राफ्टरवर छताची प्लेट नुसती टेकलेली असते ती फट. या शेवटच्या जागी ब्रशही पोचत नाही आणि स्प्रेही पोचत नाही. छतं तिथूनच जातात.

मग अल्ट्रासॉनिक जाडी मापक. प्लेटवर जेल लावून प्रोब टेकवा, आकडा लिहा, खडूने जागा मार्क करा. खड्ड्यांसाठी पिट गेज वेगळं लागतं. त्याची सुई खड्ड्यात टेकवली की खोली कळते.

आता हिशेब. समजा, सहा वर्षांत तळाची ८ मिलिमीटरची प्लेट सरासरी ७.१ झाली. वर्षाला ०.१५ मिलिमीटर. तेलाच्या टाक्यांच्या तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एपीआय ६५३ या अमेरिकन मानकात तळाला, खाली गळती अडवणारी सोय किंवा आत भक्कम अस्तर नसेल तर, पुढच्या तपासणीपर्यंत किमान २.५ मिलिमीटर उरलं पाहिजे असं धरतात. तोच आकडा आपण मार्गदर्शनापुरता घेऊ. सरासरीने पाहिलं तर अजून तीस वर्षं आहेत. पण त्याच तळावर सगळ्यात खोल खड्ड्याखाली ४.६ मिलिमीटरच उरलं असेल, तर तिथला वेग वर्षाला ०.५७ मिलिमीटर होतो आणि हातात पावणेचार वर्षंही उरत नाहीत. अहवालात वरिष्ठांना हा दुसरा आकडा द्या. सरासरीचा आकडा वाचून कोणी बजेट मंजूर करत नाही आणि करूही नये, कारण तो खोटा दिलासा आहे.

जिथे प्लेट बदलायची, पॅच मारायचा किंवा खड्डा वेल्डने भरायचा, ते सगळं आत्ताच उरकून घ्या. रंगानंतर वेल्डिंग निघालं की मागच्या बाजूचा रंगही जळतो.

पायरी ३ : मीठ काढा, मग ब्लास्ट करा

सगळ्या कामाचा जीव या पायरीत आहे, म्हणून जरा थांबून लिहितो.

जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांमध्येही, म्हणजे जहाज तोलात ठेवायला पाणी भरतात त्या टाक्यांमध्ये, समुद्राचंच पाणी असतं, म्हणजे दुखणं हुबेहूब आपलं. त्या टाक्यांच्या रंगासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर २००६ मध्ये एक मानक मंजूर केलं. त्यात धार मोडण्यापासून रंगाच्या जाडीपर्यंत सगळं आहे आणि मिठाची मर्यादाही आहे : एका चौरस मीटरवर ५० मिलिग्रॅम, त्याहून जास्त नको. चिमटीत जेमतेम मावेल इतकं मीठ चार-पाच चौरस मीटरवर पसरलं तरी मर्यादा गाठली जाते. डोळ्यांनी हे कधीच दिसणार नाही.

नवशिक्यांचा समज असतो की ब्लास्टिंगने, म्हणजे दाबाच्या हवेने कठीण कण प्लेटवर मारले की, सगळं निघतं. वरचा गंज निघतो. खड्ड्याच्या तळाशी, लोखंडाला चिकटून बसलेलं क्लोराइड निघत नाही. त्यासाठी क्रम असा ठेवा. आधी गोड्या पाण्याच्या हाय प्रेशर जेटने पूर्ण टाकी धुवा. गोड्या पाण्याच्या, बरं का. साइटवर फायर हायड्रंट हाताशी असतो आणि त्यात समुद्राचंच पाणी असतं. त्याने धुऊन 'धुतलं' असं रजिस्टरमध्ये लिहिलेलं मी पाहिलंय. धुतल्यावर वेल्डचे दाणे, स्पॅटर ग्राइंडरने काढा आणि प्रत्येक धार गोल करा, साधारण २ मिलिमीटरच्या त्रिज्येची. धारदार कडेवरून ओला रंग मागे सरकतो आणि नेमका तिथेच पातळ राहतो.

मग ब्लास्टिंग. दर्जा एसए अडीच, म्हणजे प्लेट जवळजवळ पांढरी दिसली पाहिजे. खरखरीतपणा ५० ते ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माध्यम म्हणून गार्नेट या कठीण खनिजाचे कण वापरा. वाळू कधीच नाही, आणि किनाऱ्यावरची वाळू तर अजिबात नाही. वाळूच्या धुळीने सिलिकोसिस होतो, माणसाची फुप्फुसं कायमची जातात, आणि चौपाटीची वाळू प्लेटवर आणखी मीठ ठोकून बसवते. कॉम्प्रेसरची हवा पांढऱ्या कापडावर मिनिटभर सोडून पाहा. कापडावर तेलाचा डाग किंवा ओल दिसली तर हवेतलं तेल-पाणी अडवणारा ट्रॅप साफ झाल्याशिवाय काम सुरू नाही.

खड्डे पडलेल्या जुन्या प्लेटवर ब्लास्टिंग झालं की त्याच दिवशी प्रायमर मारायची घाई करू नका. मुकादम येऊन म्हणेल, "साहेब, चकाचक झालंय, मारू का प्रायमर?" त्याला म्हणा, उद्या. प्लेट रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी टॉर्च घेऊन आत जा. जिथे खड्ड्यांत मीठ राहिलंय तिथे बारीक काळे ठिपके उमटलेले असतात, काही ठिकाणी ठिपक्याभोवती घाम फुटल्यासारखी ओल. सपाट भाग राखाडीच असतो, फक्त खड्ड्यांचे तळ काळे. हे दृश्य एकदा पाहिलं की माणूस आयुष्यात विसरत नाही. ते ठिपके म्हणजे पुढच्या वर्षीचे फोड. त्या भागांवर पुन्हा गोडं पाणी, वाळवणी आणि पुन्हा ब्लास्ट. मग ब्रेसल पॅचने मोजा : चिकटणारा छोटासा कप्पा प्लेटवर लावायचा, सिरिंजने त्यात शुद्ध पाणी सोडायचं, दोन-चारदा आतबाहेर करायचं आणि त्या पाण्याची वाहकता मीटरवर बघायची. तळावर, खड्ड्यांच्या भागात, जास्त जागी घ्या. गुळगुळीत, सोप्या जागी घेतलेल्या पॅचचा उपयोग फक्त फाइल भरायला होतो. टाकीच्या आतल्या अस्तरासाठी बरेच उत्पादक ५० पेक्षाही कडक मर्यादा मागतात, म्हणून डेटाशीट आधी वाचून ठेवा.

पायरी ४ : हवा बघून रंग

प्लेटचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्याच्या) किमान ३ अंश वर आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत, हा नियम सगळीकडे छापलेला असतो. तो कोकणात कसा लागू पडतो ते बघा. हवा ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. आर्द्रतेत बसतंय. पण दवबिंदू येतो सुमारे २६ अंश. म्हणजे प्लेट निदान २९ अंशांवर हवी. रात्रभर गार झालेली जाड प्लेट सकाळी नऊला २६ वरच असते. हवा ठीक, प्लेट ओली. म्हणून प्लेटला टेकवायचा थर्मामीटर खिशात हवाच.

मोठं काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत उरकायचं. त्या दिवसांत सकाळी जमिनीकडून मतलई वारे वाहतात, तुलनेने कोरडे. दुपारनंतर खारे वारे सुरू होतात आणि नुकत्याच ब्लास्ट केलेल्या प्लेटवर मीठ आणून टाकतात. बाहेरून ब्लास्ट करताना जेवढं क्षेत्र दुपारच्या आत प्रायमरखाली जाईल तेवढंच उघडा. आतल्या कामाला डिह्युमिडिफायर भाड्याने घ्या. त्याचं भाडं जड वाटतं, पण टाकी पुन्हा ब्लास्ट करण्याचा खर्च त्याहून कितीतरी जड असतो.

आतलं अस्तर म्हणून दोन घटकांचं, पाण्याखाली राहू शकणारं इपॉक्सी घ्या. एकूण सुकी जाडी ४०० ते ५०० मायक्रॉन, तीन कोटांत. झिंक-रिच, म्हणजे जस्ताची भुकटी भरलेला, प्रायमर बाहेरच्या बाजूला उत्तम चालतो. कायम खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या भागावर मी तो घेत नाही, इपॉक्सी थेट ब्लास्ट केलेल्या प्लेटवर मारतो. प्रत्येक पूर्ण कोटाआधी वेल्ड, कडा, नट-बोल्ट आणि नोझलच्या तोंडांवर हाताने ब्रशचा पट्टा, म्हणजे स्ट्राइप कोट. स्प्रे या जागांवर हवेची उशी तयार करतो आणि रंग टेकतच नाही. ब्रश मात्र रंग आत घासतो.

किती रंग लागेल ते मागवण्याआधी स्वतः काढा. शेल आणि तळ मिळून सुमारे ४९० चौरस मीटर, छताची आतली बाजू धरून ६०० च्या आसपास. रंगात घन भाग ८० टक्के आणि जाडी ४५० मायक्रॉन असेल, तर एक लिटर जेमतेम १.८ चौरस मीटर झाकतो. साधारण ३४० लिटर होतात. ३० टक्के नासाडी धरली की ४८० ते ५०० लिटर. ठेकेदाराने तीनशे लिटरमध्ये काम पूर्ण केलं असेल तर जाडी मापक लावायच्या आधीच उत्तर मिळालेलं असतं. रिकामे डबे मोजायची सवय ठेवा. प्रत्येक कोट १५० मायक्रॉन सुका हवा असेल तर ओला साधारण १९० पडला पाहिजे. कंगवा मापक ओल्या रंगात टेकवून तिथल्या तिथे बघा.

बेस आणि हार्डनर पूर्ण डबेच मिसळायचे. 'थोडंसंच लागणार आहे' म्हणून अंदाजाने अर्धं-अर्धं काढलं की रंग एकतर चिकट राहतो नाहीतर ठिसूळ होतो. उन्हाळ्यात मिसळलेला रंग फार लवकर घट्ट होतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हातातला वेळ जवळजवळ निम्मा होतो. घट्ट होऊ लागलेल्या रंगात थिनर ओतून चालवू नका, तो डबा फेकून द्या. ओल्या हवेत इपॉक्सीवर कधी तेलकट पांढुरका थर येतो. तो कोमट गोड्या पाण्याने धुऊन काढल्याशिवाय पुढचा कोट धरत नाही.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी बसते, म्हणून हवा खालून ओढून घ्या. मोबाइल, साधे बल्ब, साधे पंखे आत न्यायचे नाहीत.

रंग पूर्ण पिकल्यावर हॉलिडे टेस्ट. ओला स्पंज किंवा जाड थर असेल तर हाय व्होल्टेजचा ब्रश सगळ्या पृष्ठभागावर फिरवायचा. भोक आलं की यंत्र वाजतं. प्रत्येक जागेला खडूने गोल, दुरुस्ती, पुन्हा टेस्ट. पाणी भरण्याआधी उत्पादकाने सांगितलेले दिवस थांबायचं, साधारण आठवडाभर. पंप खात्याची घाई त्या आठवड्यात तुम्हाला झेलावी लागेल.

पायरी ५ : अॅनोड

रंग कितीही चांगला असला तरी कुठेतरी ओरखडा राहणारच. चांगल्या रंगाला पडलेलं बारीक भोक तर जास्त वाईट, कारण सगळा हल्ला तिथे एकवटू शकतो. तिथे अॅनोड कामाला येतात, म्हणजे लोखंडाला जोडलेले, त्याच्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे. किनाऱ्यावरच्या कुठल्याही मच्छीमाराला हे माहीत असतं. ट्रॉलरच्या पंख्याजवळ तो झिंक लावतो, झिंक झिजतं, पंखा आणि शाफ्ट वाचतात. ही युक्ती हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी काढली. लाकडी युद्धनौकांच्या तळाला ठोकलेल्या तांब्याच्या पत्र्याला त्याने लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं. पण ते झिजेनासं झाल्याबरोबर त्यावर शिंपले आणि शेवाळ वाढलं, कारण आजवर पाण्यात विरघळणारं तांबंच त्यांना दूर ठेवत होतं. जहाजं मंदावली आणि नौदलाने तो प्रयोग सोडून दिला. तत्त्व मात्र टिकलं.

समुद्राच्या पाण्यात आज बहुधा अॅल्युमिनियम, जस्त आणि इंडियम यांच्या मिश्रधातूचे अॅनोड घेतात. मॅग्नेशियम गोड्या पाण्यासाठी आणि मातीसाठी. खाऱ्या पाण्यात ते भराभर संपतं. आपल्या टाकीचा हिशेब असा. पाण्याखालचं क्षेत्र ४९० चौरस मीटर. दहा वर्षांत सरासरी १० टक्के रंग निकामी झाला असं धरू, म्हणजे ४९ चौरस मीटर उघडं लोखंड. उष्ण पाण्यात उघड्या लोखंडाला टिकवून ठेवायला दर चौरस मीटरला सरासरी ७० मिलिअँपिअर लागतात. झाले सुमारे ३.४ अँपिअर. दहा वर्षांचे तास ८७,६००, म्हणून साधारण ३ लाख अँपिअर-तास. अॅल्युमिनियमचा अॅनोड किलोला २,००० अँपिअर-तास देतो आणि त्याचा ८० टक्के भागच वापरता येतो असं धरलं तर सुमारे १९० किलो. म्हणजे १० किलोचे २० अॅनोड. तेच जस्ताने करायचं तर ४८० किलो लागतील. वजन भरलं म्हणजे झालं असं मात्र नाही. दहाव्या वर्षी रंग जास्त खराब असताना वीस अॅनोड मिळून लागेल तेवढा प्रवाह देऊ शकतील का, हे डिझाइन करणाऱ्याकडून वेगळं तपासून घ्या.

अॅनोड तळावर आणि शेलच्या खालच्या भागावर विखरून लावा. त्यांच्या पट्ट्या वेल्ड करा. बोल्टच्या जोडात गंज शिरतो आणि संपर्क तुटतो. रंगकाम आधी झालं असेल तर वेल्डच्या जागा पुन्हा रंगवा, पण अॅनोड रंगवू नका. हे सांगायची गरज का, असं वाटेल. रंगारी कामाला प्रामाणिक असतो, दिसेल ते रंगवतो. रंगवलेला अॅनोड म्हणजे भिंतीला टांगलेलं नुसतं वजन. रंग मारताना त्यांना प्लास्टिक गुंडाळा आणि नंतर ते काढलं का, ते स्वतः पाहा.

अॅनोड फक्त पाण्यात बुडालेल्या भागाला वाचवतात. पाण्याच्या रेषेवरचा पट्टा आणि छत पूर्णपणे रंगावर अवलंबून आहेत. मे महिन्यातल्या माझ्या टाकीवर फोड तिथेच का आले आणि ते इतके महागात का पडले, ते आता कळेल.

अजून एक. टाकीत स्टेनलेस स्टीलचा पाइप, शिडी किंवा पंपाचा भाग असेल, तर त्याच्याशी जोडलेलं साधं लोखंड जास्त वेगाने जातं. लोक मग फक्त लोखंड रंगवतात आणि स्टेनलेस उघडं ठेवतात, 'त्याला कशाला रंग' म्हणून. उलटं होतं. मोठ्या उघड्या स्टेनलेसचा सगळा भार लोखंडाच्या रंगातल्या एका टाचणीएवढ्या भोकावर येतो. स्टेनलेससुद्धा रंगवा.

पायरी ६ : बाहेरची बाजू आणि ती दुर्लक्षित कड

बाहेरून झिंक-रिच इपॉक्सी प्रायमर, मग इपॉक्सीचा जाड मधला कोट आणि वर पॉलियुरेथेन. समुद्रकाठासाठी एकूण २८० ते ३२० मायक्रॉन. वरचा कोट पॉलियुरेथेनचाच घ्या, कारण उन्हात इपॉक्सी खडूसारखं भुरभुरतं.

बाहेरची खरी दुखरी जागा म्हणजे टाकीचा तळ शेलच्या बाहेर दोन-तीन इंच येतो ती कड. पावसाचं पाणी शेलवरून, वाटेतलं मीठ धूत, खाली येतं आणि त्या कडेखालून फाउंडेशनच्या फटीत शिरतं. तिथे ते कधीच वाळत नाही. वाकून बघायला कोणी जात नाही. तुम्ही जा. पातळ पट्टी किंवा स्क्रूड्रायव्हर कडेखाली सरकवून बघा. तो सहज आत जात असेल आणि पापुद्रे बाहेर येत असतील, तर ती कड साफ करून, प्रायमर लावून, लवचिक सीलंटने बंद करा. फाउंडेशनकडे उतार असा हवा की पाणी टाकीपासून दूर जाईल. सीलंट पत्थरासारखं कडक नको. टाकी भरते-रिकामी होते तेव्हा कड हलते आणि कडक सिमेंट मॉर्टरला तडा जाऊन तीच फट पाणी धरून ठेवते.

नवी टाकी उभी राहत असेल तर तळाखालच्या वाळूकडे लक्ष द्या. खाडीतली किंवा चौपाटीची वाळू घातली तर तळाला खालून कायमचं खारं पोटीस लागतं आणि ते काढायचं तर टाकी उचलावी लागते. नदीची, धुतलेली वाळूच हवी. ट्रक आला की एक मूठ बादलीभर शुद्ध पाण्यात ढवळा आणि वाहकता मोजा.

पायरी ७ : पाणी भरल्यावर

पाणी भरून एक दिवस झाला की रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत लोखंडाचा विद्युत दाब मोजतात) दोरीने सोडून रीडिंग घ्या. सिल्व्हर-क्लोराइड इलेक्ट्रोडवर लोखंड उणे ८०० मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे दिसलं म्हणजे संरक्षण मिळतंय. चांगल्या नव्या रंगावर अॅनोड हजाराच्या आसपास नेऊन ठेवतात. तळाशी चिखल आणि कुजका वास असेल तर उणे ९०० पर्यंत हवं. तळ, मध्य, वर आणि चार दिशा, अशी बारा रीडिंग तारखेसह लिहा. पुढे दर तीन महिन्यांनी त्याच जागी. एखाद्या कोपऱ्यात आकडा उणे ९५० वरून हळूहळू ८२० कडे सरकत असेल तर तिथला अॅनोड सुटला आहे किंवा रंग गेला आहे.

आणि एक स्वस्तातलं काम, जे मी प्रत्येक नव्या मुलाला करायला लावतो. साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) दोन सारख्या पट्ट्या कापून घ्या, १०० बाय ५० मिलिमीटर, ३ मिलिमीटर जाड. प्रत्येकी वजन साधारण ११८ ग्रॅम भरेल. तराजूवर मोजून, आकडा ठोकून ठेवा. एक पट्टी नायलॉनच्या दोरीने पाण्यात सोडा, लोखंडाला कुठेही न टेकता. दुसरी तिच्या शेजारीच, पण लोखंडी सळीला वेल्ड करून, आणि ती सळी टाकीच्या शेलला वेल्ड करून. वर्षाने दोन्ही बाहेर काढा. दोरीवरची तपकिरी, पापुद्रे सुटलेली असेल. साफ करून मोजली की आठ-नऊ ग्रॅम कमी भरेल. दुसरीवर पातळ पांढुरका थर बसलेला दिसेल, चुन्यासारखा. तो समुद्राच्या पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा असतो, संरक्षण मिळालेल्या लोखंडावरच तो बसतो. नखाने खरवडा, खाली प्लेट राखाडी आणि शाबूत असेल. दोन्ही पट्ट्या ऑफिसात टेबलावर ठेवा, पुढच्या बजेटच्या बैठकीपर्यंत.